समुद्रकाठच्या आणि जत्रांतल्या कार्यक्रमांसाठी वायरलेस माईक, बॉडीपॅक व इन-इअर यांची ने-आण आणि जपणूक कशी करावी?

फोंडा_गायक

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यात राहतो आणि नाट्यगीते, अभंग व भावगीते सादर करणाऱ्या एका छोट्या संचात गातो. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमचे कार्यक्रम देवळांच्या प्रांगणात होतात, आणि डिसेंबरनंतर कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातील हॉटेलांतूनही बोलावणे येते, जिथे समुद्र रंगमंचापासून हाकेच्या अंतरावर असतो. पूर्वी आम्ही आयोजकांच्या ध्वनियोजनेवर विसंबून असायचो, परंतु आता संचाने स्वतःचे थोडे सामान घेतले आहे. त्यात हातात धरायच्या दोन (हँडहेल्ड) माईकांचा यूएचएफ रेडिओ-लहरींवर चालणारा वायरलेस संच, कीबोर्डवादकासाठी बॉडीपॅकसह (कमरेला अडकवायच्या, सिग्नल पाठवणाऱ्या डबीसह) हेडसेट माईक आणि माझ्यासाठी एक वायरलेस इन-इअर संच (स्वतःचा आवाज कानात ऐकवणारा) आहे.

सध्या हे सारे सामान एका जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून नेले जाते. कार्यक्रम जवळ असेल तर स्कूटरवरून, लांब असेल तर वाद्यांबरोबर पिकअपमधून. यंदा पावसाळा सरल्यावर बॅग उघडली तेव्हा रिसीव्हरच्या (माईकचा सिग्नल घेणाऱ्या पेटीच्या) मागील अँटेनाच्या सॉकेटवर हिरवट थर दिसला, एका माईकच्या सेलच्या कप्प्यातील स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमली होती, आणि तो माईक हातात जरा फिरवला तरी करकरतो. दुसऱ्या माईकचा आवाज पूर्वीपेक्षा दबल्यासारखा वाटतो.

पाणी अजिबात न शिरणारी महागडी हार्ड केस घेतल्याने हा प्रश्न सुटेल का, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. शिवाय जानेवारीत मुंबईला एक कार्यक्रम असून आम्ही मोपाहून विमानाने जाणार आहोत, तेव्हा यांपैकी काय केबिनमध्ये न्यावे आणि काय लगेजमध्ये द्यावे, याविषयीही अनुभवी मंडळींनी सांगावे.

---

साष्टीचा_साउंडवाला

आपण वर्णन केलेल्या खुणांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करावा लागेल. स्प्रिंगवरील पांढरी भुकटी ही अल्कलाइन सेल फुटून झालेली गळती आहे. त्यात हवेचा दोष थोडा आणि चार महिने आतच राहिलेल्या सेलचा दोष अधिक. हिरवट थर मात्र आपल्या किनाऱ्याची देणगी आहे.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. कोरडे मीठ फारसे नुकसान करत नाही. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळते, आणि समुद्री मिठातील मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेत पाणी धरू लागतात. म्हणजे धातूवर खारट पाण्याचा न दिसणारा पातळ थर तयार होतो, जो पितळ आणि निकेल कुरतडतो व विजेचा प्रवाहही वाहून नेतो. गोव्यात रात्रीची आर्द्रता हिवाळ्यातही सहज या पातळीला पोहोचते, पावसाळ्याची तर गोष्टच नको. त्यामुळे फेब्रुवारीत कांदोळीला बसलेले मीठ जून महिन्यात काम सुरू करते, आणि आपण मात्र दोष पावसाला देतो.

आता हार्ड केसविषयी. ती अवश्य घ्यावी, परंतु ती आपला प्रश्न सोडवील या भरवशावर घेऊ नये. आयपी 67 दर्जाची केस एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी येऊ देत नाही, हे खरे. पण तिची रबरी कड जशी बाहेरचे पाणी बाहेर ठेवते, तशीच आतले पाणीही आतच ठेवते. थोडा हिशेब पाहा. तीस अंश तापमानाला आणि 80 टक्के आर्द्रतेला वीस लिटरच्या केसमधील हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असते, आणि ते सिलिका जेलच्या लहानशा पुडीलाही झेपते. याउलट घामाने ओला झालेला बेल्ट, माईकच्या जाळीतील थुंकीने दमट झालेला स्पंज आणि आपला तो टॉवेल हे मिळून कित्येक ग्रॅम पाणी घेऊन आत जातात. कार्यक्रम संपताच सगळे आत कोंबून झाकण लावले, तर सामान आठवडाभर वाफेत राहते. तसे करण्यापेक्षा उघडी टोपली परवडली.

म्हणून माझा आग्रह केसपेक्षा कार्यक्रमानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल असतो. सेल काढावेत. माईक, बॉडीपॅक आणि हेडसेट प्रथम कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसावेत, आणि त्यानंतर शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने एक हात फिरवावा. इथे बरेच जण केवळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून समाधान मानतात, परंतु मीठ त्या अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. पाण्याने मीठ निघते, आणि मागे राहिलेले पाणी उडवण्यासाठी अल्कोहोल उपयोगी पडते. सॉकेट व पिनांच्या बाबतीत हेच काम डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने करावे आणि त्यावर 99 टक्क्यांच्या अल्कोहोलची दुसरी काडी फिरवावी. पाणी कुठेही ठिबकता कामा नये. हे सगळे उपकरण बंद असताना आणि वीज काढून ठेवलेली असतानाच करावे, हे वेगळे सांगायला नको. घरी पोहोचल्यावर सामान केसमध्ये न ठेवता एसीच्या खोलीत टेबलावर रात्रभर पसरून ठेवावे. पंख्याखाली वाळवणे पावसाळ्यात फारसे उपयोगाचे नाही, कारण पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो.

आपल्या दुसऱ्या माईकचा आवाज दबला आहे, तो बहुधा जाळीच्या आतील स्पंज घाण आणि ओलाव्याने भरल्यामुळे. बहुतेक डायनॅमिक (साध्या, दणकट प्रकारच्या) हँडहेल्डची जाळी फिरवून सुटते. ती एकटी बाजूला काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, जुन्या टूथब्रशने घासावी आणि पूर्ण वाळल्याखेरीज परत बसवू नये. कॅप्सूलला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या आतल्या भागाला, पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. कंडेन्सर प्रकारची, अधिक नाजूक कॅप्सूल असेल तर जाळी काढण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे.

गळतीची भुकटी अल्कधर्मी असते, म्हणून कापसाच्या काडीवर साधे पांढरे विनेगर घेऊन ती पुसावी (घरातले माडाचे विनेगर या कामाला नको, ते सोरपोतेलासाठी राहू द्या), नंतर पाण्याची काडी आणि शेवटी अल्कोहोल. स्प्रिंगचा मुलामाच गेला असेल तर स्प्रिंग बदलून घ्यावी. ती पुन्हा गंजणार, आणि करकर परत येणार.

सिलिका जेल घ्यायचे तर रंग बदलणारे, नारिंगीचे हिरवे होणारे घ्यावे. वीस लिटरच्या केसला शंभर ते दोनशे ग्रॅम पुरते. रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवून ते पुन्हा वापरता येते. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या प्रकारात कोबाल्टचे क्षार असतात, तो स्वयंपाकघरात आणू नये. तांदळाच्या पुरचुंडीचा सल्ला कोणी देईल. तांदूळ ओलावा फार सावकाश आणि फार थोडा शोषतात, आणि त्यांचे पीठ सॉकेटमध्ये जाते. उकडे तांदूळ पेजेसाठीच बरे. केसमध्ये एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) चिकटवून आकडा 40 ते 50 च्या दरम्यान राहील असे पाहावे. मात्र त्याच केसमध्ये बासरी किंवा अन्य लाकडी वाद्य ठेवू नये. माईकला जी कोरडी हवा मानवते, तीच लाकडाला तडे पाडू शकते.

---

सत्तरीचा_टेम्पोवाला

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण किनारपट्टीपलीकडचेही दोन शब्द ऐकावेत. आमच्याकडे वाळपई-साखळीच्या बाजूला मिठापेक्षा जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि रस्त्यांचे खड्डे सामानाचा जास्त नाश करतात. जत्रेच्या मंडपात ऐनवेळी झाडू फिरतो तेव्हा उठणारी धूळ इतकी बारीक असते की ती मिक्सरच्या फेडरमध्ये (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांत), चार्जरच्या खाचांत आणि इन-इअरच्या जाळीतही जाऊन बसते. म्हणून मंडप झाडून, पाणी शिंपडून होईपर्यंत केस उघडूच नये.

पिकअपमध्ये सामान कुठे ठेवले जाते, यावर बरेच अवलंबून असते. मागच्या चाकाच्याही मागे जो भाग लोंबतो, तिथे सर्वांत जास्त उसळी बसते, त्यामुळे तिथे स्पीकरचे स्टँड व केबलच्या पेट्या जाऊ द्याव्यात. वायरलेसची केस पुढे, ड्रायव्हरच्या केबिनला टेकून, आणि शक्य झाल्यास केबिनमध्येच कोणाच्या तरी पायाशी असावी. तिच्यावर दुसरे काहीही रचू नये.

रॅक (उपकरणे स्क्रूने बसवायची चौकट) करणार असाल तर हे लक्षात ठेवा की एक युनिट उंचीचा, म्हणजे 44.45 मिलिमीटरचा रिसीव्हर केवळ पुढच्या दोन कानांवर (स्क्रूच्या पट्ट्यांवर) लटकत असतो. दर खड्ड्याला त्याची शेपूट वरखाली होते, आणि काही महिन्यांत कान वाकतात किंवा आतल्या सर्किटवरील टाके तडकतात. मागून आधार देणारी पट्टी किंवा खाली एक ट्रे बसवायचा खर्च थोडा आहे, तो टाळू नये. प्रवासात अँटेना काढून वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि रिकाम्या सॉकेटवर प्लास्टिकच्या टोप्या घालाव्यात. लावलेल्या अँटेनावर एखादा बॉक्स आदळला तर अँटेना मोडणे परवडते, कारण ती नवी मिळते. सॉकेट आतून उखडले तर पूर्ण रिसीव्हर दुरुस्तीला जातो.

स्कूटरसाठी हार्ड केस मला पसंत नाही. पायाशी ठेवली तर थेट चाकाचे हादरे खाते आणि वळणावर हँडलला अडते. त्यापेक्षा जाड पॅडिंगची पाठीवरची बॅग घ्यावी, कारण आपले शरीर बरेचसे हादरे स्वतः झेलते. वरून पावसाचे कव्हर असावे, आणि आत प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपच्या पिशवीत. टॉवेल मात्र कायमचा रजेवर पाठवावा.

---

फोंडा_गायक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये ध्वनिचाचणी करून आम्ही नंतर बाहेर हिरवळीवर गातो, तेव्हा पहिल्या एक-दोन गाण्यांत हेडसेट माईक फुसफुसतो आणि मग आपोआप सुधारतो. हा सेलचा दोष असेल काय? आणि केसमधील फोम कोणता घ्यावा, तो चौकोनी तुकडे उपटून जागा करता येणारा की दुसरा?

---

साष्टीचा_साउंडवाला

सेलचा दोष नाही, ते दव आहे. बाहेर तीस अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर 26 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमते. आपला हॉल 22-23 अंशांवर असतो. थंड झालेली हेडसेटची छोटी इलेक्ट्रेट (कंडेन्सरचाच एक प्रकार) कॅप्सूल बाहेर येताच तिच्या पडद्यावर आणि आतील सर्किटवर बाष्प बसते, आणि ती गरम होईपर्यंत फुसफुस चालू राहते. यावर उपाय म्हणजे आतले काम संपताच सामान केसमध्ये बंद करावे, बंद केस बाहेर न्यावी आणि अर्धा-पाऊण तास तशीच ठेवून मगच उघडावी. बाष्प मग माईकऐवजी केसच्या बाहेरील बाजूस जमते. एसी गाडीतून उतरवलेल्या सामानालाही हाच नियम लागू आहे. आयोजक घाई करतील, म्हणून वेळापत्रकातच ही फट ठेवावी.

उपटून जागा करण्याचा फोम सोयीचा असतो, पण तो उघड्या छिद्रांचा, स्पंजसारखा असतो. तो ओलावा धरतो, आणि दमट हवेत काही वर्षांनी चुरा होऊन चिकट कण सोडू लागतो. त्याऐवजी बंद छिद्रांचा पॉलिइथिलीन किंवा ईव्हीए फोम घेऊन धारदार कटरने आपल्या सामानाच्या मापाने कापावा. मेहनत जास्त आहे, परंतु तो पाणी पीत नाही आणि धुताही येतो. कापताना बॉडीपॅकच्या अँटेनासाठी सरळ खाच ठेवायला विसरू नये. ती लवचिक तार दुमडून ठेवली की मुळाशी तुटते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त रेंज कमी होते.

---

वास्को_बेस

विमानप्रवासाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. नियमांचा मुख्य भाग लिथियम बॅटरीभोवती फिरतो. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इन लगेजमध्ये त्यांना मनाई आहे. मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजतात: 100 पर्यंत सामान्यतः चालते, 100 ते 160 दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते आणि ती दोनच नगांसाठी मिळते. व्होल्टेजला अँपिअर-अवरने गुणले की वॅट-अवर मिळतात. उदाहरणार्थ, 3.7 व्होल्टची 20,000 मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक 74 वॅट-अवर भरते. बॉडीपॅकच्या बॅटऱ्या या हिशेबात अगदीच किरकोळ असतात. पॉवर बँकेवरील छापील आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत वाद होतो, म्हणून आकडा स्पष्ट असलेलीच न्यावी.

रिचार्ज होणारे साधे निकेलचे एए सेल लिथियमच्या नियमात बसत नाहीत, तरी त्यांची टोके उघडी ठेवू नयेत. चार सेलांची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्यावी. खिशात किल्ल्यांबरोबर सुटे सेल ठेवले तर ते शॉर्ट होऊन चांगलेच तापतात. हे सेल 1.2 व्होल्टचे असल्यामुळे काही ट्रान्समीटर (सिग्नल पाठवणारे माईक व बॉडीपॅक) बॅटरी संपत आल्याचे खोटेच दाखवतात. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असेल तर ती वापरावी.

केबिनमध्ये बहुतेक देशांतर्गत विमानांत सात किलोच्या आत राहावे लागते. तेवढ्यात माईक, बॉडीपॅक, इन-इअर, बॅटऱ्या आणि अर्ध्या रुंदीचे रिसीव्हर बसतात. रॅक, स्टँड, अँटेनाचे केबल आणि अडॅप्टर लगेजमध्ये जाऊ द्यावेत. एक्स-रेमध्ये माईकांची नळी, तारा आणि बॅटऱ्या एकत्र दिसल्या की बॅग उघडायला सांगतातच, म्हणून सगळे एका नजरेत दिसेल असे रचावे आणि खरेदीच्या बिलाचा फोटो मोबाईलवर ठेवावा. तोच फोटो, सीरियल क्रमांकांसह, विम्याच्या दाव्यालाही उपयोगी पडतो. लगेजमधील केसमध्ये दाब समतोल करणारा छोटा व्हॉल्व्ह आहे ना, हे पाहून घ्यावे. तो नसेल तर उतरल्यावर झाकण उघडता उघडत नाही.

अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून कोणता कोणत्या रिसीव्हरचा हे लिहून ठेवावे. एकसारखी दिसणारी पिन, पण व्होल्टेज निराळे किंवा पोलॅरिटी (धन-ऋण टोके) उलटी, असे अडॅप्टर परगावच्या घाईत हमखास अदलाबदल होतात.

रस्त्याने जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लिथियम बॅटऱ्या ठेवू नयेत. डॅशबोर्डजवळचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणेही टाळावे. 45 अंशांच्या वर चार्ज केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. पावसाळ्यात कार्यक्रम नसताना ती अर्धी भरलेली ठेवावी, पूर्ण भरलेली नको आणि पूर्ण रिकामीही नको.

---

पेडण्याचा_प्रॉम्प्टर

जत्रेतील संगीत नाटकांसाठी आम्ही हेडसेट आणि कपड्यांत लपवायचे छोटे माईक वापरतो, त्या अनुभवावरून थोडी भर घालतो. पेडण्यात काय किंवा काणकोणात काय, रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात नटाचा घाम आणि रंगाचे तेल हे मिठाच्या वाऱ्याला भारी पडतात. घाम तारेवरून ओघळत थेट बॉडीपॅकच्या सॉकेटमध्ये उतरतो. त्यासाठी तारेला पॅकच्या थोडे वर खाली लोंबणारा एक वळसा द्यावा, म्हणजे थेंब त्या वळशाच्या तळाशी गळून पडतो. पॅक सॉकेट खालच्या बाजूला येईल असा उलटा अडकवता आला तर आणखी उत्तम.

जगभरच्या संगीत रंगभूमीवर पॅकवर वंगण नसलेला निरोध चढवण्याची पद्धत आहे. औषधाच्या दुकानात नाटकासाठी हवे आहेत असे सांगून कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून आमची मंडळी छोट्या झिपच्या पिशव्या वापरतात. अंक संपला की पिशवी काढलीच पाहिजे. साउंडवाल्यांनी हार्ड केसविषयी जे सांगितले, ते या पिशवीलाही तंतोतंत लागू आहे.

बारीक तार पॅकभोवती करकचून गुंडाळू नये. ती पिनपाशी वाकून तिथेच तुटते. चार बोटांवर सैल वेटोळे करून, मऊ पट्टीने बांधून, वेगळ्या चपट्या डबीत ठेवावी. प्रत्येक डबीवर आम्ही नटाचे नाव न लिहिता पात्राचे नाव लिहितो, कारण हौशी मंडळींत नट ऐनवेळी बदलतो, पात्र बदलत नाही. एकाच रात्री दोन संचांचे सामान विंगेत असते तेव्हा सारखेच दिसणारे काळे पॅक ओळखण्यासाठी प्रत्येकावर आपल्या संचाच्या रंगाची पट्टी असावी, आणि निघण्यापूर्वी डब्या मोजण्याचे काम एकाच माणसाकडे असावे. आमच्याकडे ते काम प्रॉम्प्टरकडे आहे, कारण प्रयोगभर जागेवरून न हलणारा तोच एक असतो.

---

फोंडा_गायक

मुंबईच्या आधी मडगावला एक कार्यक्रम आहे. तोवर ईव्हीए फोम कापून घेतो आणि जाळ्या धुऊन वाळत घालतो. गळती झालेल्या माईकची स्प्रिंग फोंड्यात बदलून मिळाली नाही, तेव्हा मडगाव किंवा म्हापशाच्या बाजूला असे बारीक काम करणारे कोणी माहीत असल्यास कृपया मला खासगी संदेशात कळवावे.